आर्केडियात सुखी कोण होतं?

पाचोळा

युरोपातलं कुठलंही साहित्य घ्या, जरा आत शिरलं की आर्केडिया भेटतोच. हिरवं कुरण, झाडाखाली पावा वाजवत बसलेले मेंढपाळ, शेजारी झरा, आणि प्रेमभंगाखेरीज दुसरं दुःख नाही. यावर नेहमी ऐकू येणारं मत असं, की खरा आर्केडिया खडतर होता, कवींनी त्यातलं कठोर ते गाळलं आणि गोड ते ठेवलं. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा. ज्या लेखकांनी आर्केडिया जीव ओतून लिहिला, त्यांच्या कुरणात कुणीतरी बेघर झालेला आहे, नाहीतर कुणाची तरी कबर आहे. गोड तेवढंच उचललं ते नक्कल करणाऱ्यांनी.

आधी खऱ्या प्रदेशाबद्दल. पेलोपोनेझ द्वीपकल्पाचा मधला डोंगराळ भाग म्हणजे आर्केडिया. इलियडच्या दुसऱ्या सर्गात जहाजांची यादी येते. तिथे आर्केडियाची ६० जहाजं आहेत, पण ती अगामेम्नॉनने दिलेली, कारण या लोकांना समुद्राशी काही देणंघेणं नाही असं होमर सांगून टाकतो. बाकीच्या ग्रीकांना हे लोक फार जुने, फार गरीब आणि फार चिवट वाटत. आपण चंद्राच्याही आधीपासून इथे आहोत, अशी त्यांची ख्याती होती.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने त्यांची एक गोष्ट दिली आहे. स्पार्टाला अख्खा आर्केडिया हवा होता, म्हणून त्यांनी डेल्फीला कौल लावला. उत्तर आलं: आर्केडिया मागता? फार मागता, मिळणार नाही. तिथे ओकची फळं खाऊन राहणारे पुष्कळ गडी आहेत, ते तुम्हाला अडवतील. तेगेआ हे तिथलं गाव मात्र देते, तिथे पाय आपटून नाचा आणि दोरीने शेतं मोजा. स्पार्टाचे लोक खूश झाले आणि कैद्यांना घालायला बेड्या बरोबर घेऊनच निघाले. लढाईत हरले. मग त्याच बेड्या त्यांच्या पायात पडल्या आणि दोरीने मापं घेत त्यांना तेगेआची शेतं कसावी लागली. हिरोडोटसच्या काळात त्या बेड्या तेगेआत अथेनाच्या देवळाभोवती टांगलेल्या होत्या.

आणि लिकायोन डोंगर! तिथला राजा लिकाओन. त्याने झ्यूसच्या वेदीवर तान्हं मूल बळी दिलं आणि तो जागच्या जागी लांडगा झाला, असं पॉसेनियस लिहितो. ओव्हिडने हीच गोष्ट 'मेटामॉर्फोसिस'च्या पहिल्याच भागात घेतली. त्या डोंगरावरच्या पवित्र आवारात कुठल्याही प्राण्याची सावली पडत नाही, अशी समजूत होती. पॅन हा मेंढपाळांचा देव याच मुलखातला. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरॅथॉनच्या लढाईआधी अथेन्सचा जासूद स्पार्टाकडे धावत निघाला, तेव्हा तेगेआच्या वरच्या डोंगरात पॅनने त्याला हाक मारली आणि विचारलं, अथेन्सचे लोक माझ्याकडे दुर्लक्ष का करतात? पुढे त्यांनी अक्रोपोलिसच्या पायथ्याशी त्याचं ठाणं बसवलं.

मला सगळ्यात जास्त धरून ठेवतो तो पॉलिबियस. हा इतिहासकार आर्केडियातल्याच मेगालोपोलिसचा. आपल्या इतिहासाच्या चौथ्या भागात तो मधेच थांबतो आणि संगीतावर लिहायला लागतो. म्हणतो, आमच्याकडे लहानपणापासून मुलांना स्तोत्रं गायला शिकवतात, पुढे तरुणांच्या नाचगाण्याच्या स्पर्धा होतात, तिशीपर्यंत हे सुटत नाही. बाकी कुठली विद्या येत नाही असं सांगायला आमच्यात कुणाला लाज वाटत नाही, पण गाता येत नाही असं म्हणायची सोय नाही. कारण काय देतो? थंडी, उदास हवा, शेतातले काबाडकष्ट. माणसं दगडासारखी होऊ नयेत म्हणून पूर्वजांनी गाणं सक्तीचं केलं. मग तो किनाएथा या गावाचं उदाहरण देतो. तेही आर्केडियातलंच, हवा तर सगळ्यांत वाईट. त्यांनी गाणं सोडलं आणि आपसातच इतक्या कत्तली केल्या, की पुढे त्यांचे दूत आर्केडियाच्या ज्या ज्या गावातून गेले तिथून त्यांना हाकलण्यात आलं. मँटिनीआच्या लोकांनी तर दूत गेल्यावर बळीचे पशू गावाभोवती फिरवून अख्खं गाव शुद्ध करून घेतलं.

हे लिहिणारा माणूस स्वतः त्या वेळी घरी नव्हता. इ.स.पू. १६७ मध्ये रोमने जे हजारभर ओलीस नेले त्यांत पॉलिबियस होता आणि पुढची १७ वर्षं तो परतला नाही. गाणारे आर्केडियन ही प्रतिमा कुण्या शहरी कवीने हवेतून काढलेली नाही. ती आर्केडियाच्या एका माणसाने दिली आहे, आणि तीही गाव सुटल्यावर.

आता रोमन कवी व्हर्जिल. ग्रीक कवी थिओक्रिटसने इ.स.पू. तिसऱ्या शतकात मेंढपाळांची काव्यं लिहिली ती सिसिलीतली. व्हर्जिलच्या 'एक्लॉग्ज'मध्ये त्यांना आर्केडियाचं नाव लागलं. पण पुस्तक उघडतं कशाने? फिलिपीच्या लढाईनंतर, इ.स.पू. ४२ च्या पुढे, इटलीत शेतकऱ्यांच्या जमिनी काढून सैनिकांना दिल्या गेल्या. पहिल्या कवितेतला मेलिबियस अशीच जमीन गमावून शेळ्या हाकत चाललाय. एक शेळी चालेना, तिला तो ओढतोय. तिने नुकतीच दोन पिल्लं टाकलीत, कळपाची सारी आशा, आणि ती उघड्या खडकावर सोडून यावं लागलंय. मी नांगरलेली जमीन आता कुणी सैनिक घेणार, म्हणतो. समोर टिटिरस सावलीत निवांत आहे, कारण त्याची जमीन वाचली. तो शेवटी एवढंच म्हणू शकतो, की आजची रात्र राहा. पिकलेली सफरचंदं आहेत, चेस्टनट आहेत, चीज आहे. उद्याचं काय, ते कविता सांगत नाही.

शेवटची, दहावी कविता उघड आर्केडियात घडते. तिथे गॅलस प्रेमात खचून पडलाय. हा व्हर्जिलचा खरा मित्र, कवी आणि सेनाधिकारी. तो मेंढपाळांना म्हणतो, मी तुमच्यातलाच एक असतो तर! पण नसतो. त्याला तिथे राहता येत नाही. पुढे तो इजिप्तचा प्रशासक झाला, ऑगस्टसची मर्जी गेली आणि त्याने जीव दिला.

पुढचे कवी सान्नाझारो आणि सिडनी, चित्रकार वगैरे प्रतिसादांत बोलू. तुम्हाला आर्केडिया पहिल्यांदा कुठे भेटला ते जरूर लिहा.

चकोर

वाचनखूण साठवली. पॉलिबियसचं गाणं-सक्तीचं प्रकरण पहिल्यांदाच वाचलं, झोप उडाली.

टेकडीवरचा

लिकायोनबद्दल थोडी भर. डोंगराच्या माथ्यावर राखेची वेदी खरोखर आहे. शेकडो वर्षांच्या होमांची राख आणि जळकी हाडं साठून झालेला उंचवटा. ग्रीक आणि अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी तो खणला, तेव्हा हाडं बहुतेक शेळ्यामेंढ्यांचीच निघाली. मात्र २०१६ मध्ये त्या राखेत एका किशोरवयीन मुलाचा सांगाडा मिळाला, सुमारे इ.स.पू. ११ व्या शतकातला. तो बळी होता की नाही हे सांगाड्यावरून ठरलेलं नाही, आणि उत्खनन करणाऱ्यांनीही तसा दावा घाईने केला नाही. पण बळींच्या राखेत माणूस का पुरला असेल, हा प्रश्न उरतोच.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्येही ही कथा आहे. लिकायोनच्या झ्यूसपाशी ज्याने इतर मांसात मिसळलेला माणसाच्या आतड्याचा तुकडा चाखला, तो लांडगा होतो. प्लेटो ती जुलमी सत्ताधीश कसा बनतो हे सांगायला वापरतो. म्हणजे साहित्यात आणि विचारात आर्केडियाचा पहिला मोठा पडसाद पाव्याचा नाही, लांडग्याचा आहे. कवींची कुरणं त्यानंतरची.

मेघना_तीरे

लेख आवडला, पण मूळ मुद्द्याशी असहमत. 'जीव ओतून लिहिणाऱ्यांनी दुःख गाळलं नाही' हे व्हर्जिलपुरतं मान्य. पुढे आर्केडिया हा दरबारी लोकांचा खेळ झाला. १६९० मध्ये रोममध्ये 'आर्केडिया' नावाची अकादमीच निघाली. सभासद मेंढपाळांची टोपणनावं घ्यायचे, चिन्ह पॅनचा पावा. जर्मन कवी गटेही तिचा सभासद झाला. यांतल्या किती जणांनी मेंढीला हात लावला असेल?

आणि सोळाव्या शतकातला इंग्रज कवी सिडनी. समीक्षक रेमंड विल्यम्स यांनी १९७३ च्या 'द कंट्री अँड द सिटी'मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलंय: सिडनीचा 'आर्केडिया' ज्या उद्यानात लिहिला गेला ते एक अख्खं गाव कुंपणात घेऊन आणि कुळांना हुसकावून तयार केलेलं होतं. मेलिबियसला हाकलणारेच पुढे मेलिबियसची गाणी लिहायला बसले. तुमच्या मांडणीत हा मेलिबियस कुठे आहे?

पाचोळा

मेघना, विल्यम्स यांचा आरोप मला गंभीर वाटतो आणि तो पुसून टाकायची माझी इच्छा नाही. उद्यान कुणाच्या जमिनीवर उभं होतं हे विसरून सिडनी वाचू नये. पण त्याच्या पुस्तकात काय आहे तेही बघू. ते सुखी मेंढपाळांचं पुस्तक नाही. राजा बॅसिलियस भविष्यवाणीला घाबरून राज्य सोडतो आणि रानात जाऊन राहतो. त्याचं फळ म्हणजे गोंधळ, प्रजेचं बंड, राजकन्यांचा तुरुंग. शेजारच्या लाकोनियात हेलॉट गुलामांचं बंड पेटलेलं आहे. तुमचा मेलिबियस तिथे नायक नाही, खरं आहे. बंडखोरांकडे सिडनी वरून खाली बघतो आणि ते वाचताना मलाही खुपतं. पण राज्यकर्त्याने रानातल्या सुखात दडी मारली तर काय होतं, हा त्याचा विषय आहे. पॅफ्लगोनियाचा आंधळा केलेला राजा आणि त्याचे दोन मुलगे ही उपकथा त्याच पुस्तकातली. शेक्सपिअरने ती उचलली आणि 'किंग लिअर'मधला ग्लॉस्टर उभा केला. लिअरमध्ये ओकच्या छायेतलं सुख कुठे आहे? ती उजाड माळावरची रात्र आर्केडियाची सख्खी वारस आहे, असं मी म्हणेन.

सिडनी १५८६ मध्ये झुटफेनच्या लढाईतल्या जखमेने गेला. नव्याने लिहायला घेतलेली आवृत्ती अर्धीच राहिली. १५९० मध्ये ती छापली तेव्हा पुस्तक वाक्याच्या मधेच संपत होतं.

अकादमीबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. तिथे नक्कलच जास्त.

चकोर

मेघना यांच्या 'मेंढीला हात' प्रश्नाला 'डॉन किहोते'वाल्या सर्व्हान्टीसने १६१३ मध्येच उत्तर दिलंय. त्याची एक मोठी कथा आहे, दोन कुत्रे रात्रभर गप्पा मारतात. त्यांतल्या बेर्गान्झाने मेंढपाळांकडे चाकरी केलेली असते. तो म्हणतो, मालकिणीकडच्या पुस्तकांत मेंढपाळ दिवसभर गातात. मी पाहिलेले बसून अंगावरच्या पिसवा वेचायचे नाहीतर वहाणा शिवायचे, आणि गायचे ते घोगऱ्या आवाजात. मग रोज रात्री 'लांडगा आला' अशी आरोळी उठते, कुत्रे रानभर धावून जखमी होतात, लांडगा काही दिसत नाही. एका रात्री बेर्गान्झा दबा धरून बसतो आणि बघतो: राखणदारच मेंढी मारतायत, चांगलं मांस स्वतः ठेवतायत आणि लांडग्यावर ढकलतायत.

गंमत अशी, की याच सर्व्हान्टीसने तरुणपणी गंभीरपणे मेंढपाळी कादंबरी लिहिली होती, १५८५ ची 'ला गालातेआ'. आणि डॉन किहोते शेवटी हरतो तेव्हा तो घरी जाऊन मेंढपाळ व्हायचं ठरवतो! साँचोसकट नवीन नावंसुद्धा ठरतात. घरी पोचल्यावर तो आजारी पडतो आणि मरतो. माणसाला सगळ्यात शेवटी सोडवत नाही ते स्वप्न हे आहे, असं सर्व्हान्टीसला वाटलं असावं.

शुभ्रा

माझी ओळख चित्रांतून. सगळे फ्रेंच चित्रकार पूसँचं लूव्रमधलं चित्र सांगतात, चार व्यक्ती कबरीवरचा लेख वाचतायत ते. शांत, सुंदर. पण त्याच्या आधीचं ग्वेर्चिनोचं चित्र, १६१८ ते १६२२ च्या सुमाराचं, रोमला पालाझ्झो बार्बेरिनीत आहे, ते बघा. दोन तरुण मेंढपाळ झाडीतून पुढे येतात आणि थबकतात. समोर चौथऱ्यावर कवटी. नीट पाहिलं तर कवटीवर माशी बसलीय, जवळ उंदीर आहे. चौथऱ्यावर कोरलंय: 'एत इन आर्काडिया एगो', आर्केडियातही मी आहेच. बोलतोय मृत्यू. कबरीतला मेलेला मेंढपाळ 'मीही कधी आर्केडियात होतो' म्हणतोय, हा हळवा अर्थ पूसँच्या नंतरच्या चित्रापासून रुजला. एर्विन पानोफ्स्कीने १९३६ च्या निबंधात हा प्रवास फार सुरेख उलगडला आहे. गटेने इटलीच्या प्रवासवर्णनाला हेच शब्द जर्मनमध्ये बोधवाक्य म्हणून लावले ते नुसत्या आनंदाने. माशी आणि उंदीर तोवर निघून गेले होते.

टॉम स्टॉपर्डच्या १९९३ च्या 'आर्केडिया' नाटकात ते परत आले. तिथे घराची मालकीण हे वाक्य अशाच आनंदी अर्थाने फेकते, आणि प्रेक्षकाला हळूहळू कळतं की तेरा वर्षांची ती हुशार टोमासिना सतराव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री आगीत जाणार आहे. शेवटच्या प्रवेशात ती वॉल्ट्झ शिकत असते, हातात मेणबत्ती घेऊन वर जाणार असते. मी ते वाचताना पुस्तक बाजूला ठेवून फेऱ्या मारल्या होत्या.

आरवली

खूप छान चाललाय धागा. एकच विचारते: मृत्यू, कबर, लांडगा नसेल तर चांगलं साहित्य नाही असं होतंय का इथे? इंग्रज कवी मार्लोच्या मेंढपाळाचं 'ये आणि माझ्यापाशी राहा' हे प्रेयसीला दिलेलं आमंत्रण मला कुठल्याही कबरीशिवाय आवडतं. दमलेल्या माणसाने थोडा वेळ सावलीत बसायची इच्छा धरली तर त्यात खोटं काय?

पाचोळा

आरवली, खोटं काहीच नाही. पॉलिबियसचं म्हणणंही तेच: हवा वाईट म्हणून गाणं. मार्लोचं आमंत्रण गोड लागतं, कारण ते मिळणार नाही हे ऐकणारीला ठाऊक आहे. म्हणूनच तर वॉल्टर रॅलीने तिच्या तोंडून उत्तर लिहिलं: जग कायम तरुण असतं आणि मेंढपाळ खरं बोलत असते तर आले असते. दोन्ही कविता एकापाठोपाठ एक वाचून बघा.

सान्नाझारो राहिला होता. नेपल्सचा कवी. त्याच्या 'आर्केडिया'त निवेदक सिन्चेरो प्रेमापायी नेपल्स सोडून मेंढपाळांत येऊन राहतो, आणि शेवटी एक जलदेवता त्याला जमिनीखालच्या नद्यांच्या वाटेने परत नेते. नेपल्सला पोचतो तर प्रेयसी मेलेली. १५०१ मध्ये नेपल्सचा राजा फेदेरिको पदच्युत झाला, त्याच्यामागे सान्नाझारो फ्रान्सला गेला. १५०४ मध्ये मित्राने नेपल्सला पुस्तकाची पूर्ण आवृत्ती काढली तेव्हा लेखक परदेशात होता. अख्ख्या युरोपने ज्याच्यावरून आर्केडिया गिरवला, ते पुस्तक असं.

निळासावळा

कॅनडातून. सान्नाझारोचं नाव निघालं म्हणून लिहिते. १५२४ मध्ये व्हेराझ्झानो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने जात होता, तिथली झाडी बघून त्याने एका भागाला 'आर्केडिया' नाव दिलं. नकाशांवर ते नाव उत्तरेकडे सरकत गेलं, आणि आमच्या इथल्या फ्रेंच वसाहतीच्या 'अकाडी' नावामागे तेच असल्याचं बरेच अभ्यासक मानतात. १७५५ मध्ये ब्रिटिशांनी या अकाडी शेतकऱ्यांना हुसकावलं. ग्राँ प्रेच्या चर्चमध्ये पुरुषांना बोलावून हुकूम वाचून दाखवला: जमिनी, घरं, गुरं जप्त. मग जहाजांत भरून पांगवलं. लाँगफेलोची १८४७ ची 'इव्हँजेलिन' त्यावरच आहे. आज ग्राँ प्रेला तिचा पुतळा आहे, मागे त्या लोकांनी समुद्राकडून बांध घालून मिळवलेली सपाट शेतं दिसतात. तुमचा मेलिबियस वाचताना मला तेच चर्च आठवत होतं.

टेकडीवरचा

वा! आणि खुद्द आर्केडियाचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. १८२१ मध्ये ग्रीक क्रांतिकारकांनी तिथलं त्रिपोलित्सा जिंकलं आणि शहरातल्या हजारो मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची कत्तल केली. किनाएथा काही फार लांब नाही. त्याच गावात, आताच्या त्रिपोलीत, १८९६ मध्ये कवी कारिओताकिस जन्मला. ग्रीक कवितेत त्याच्याइतका काळोख क्वचितच कुणाचा. ३१ व्या वर्षी प्रेवेझाला सरकारी नोकरीवर असताना त्याने स्वतःला गोळी घालून घेतली.

ग्रीसमधल्या लष्करी राजवटीने १९६८ मध्ये संगीतकार मिकिस थिओडोराकिसला पत्नी आणि मुलांसह कुठे नजरकैदेत ठेवलं? झातुना नावाच्या डोंगरी खेड्यात. आर्केडियात. पहाऱ्यात असताना त्याने तिथे गाण्यांमागून गाणी रचली, त्या मालिकांना नाव दिलं 'आर्केडिया', आणि ती लपूनछपून बाहेर पोचवली.

मेघना_तीरे

थिओडोराकिसचं माहीत नव्हतं. माझी वाचायची यादी बदलावी लागणार. सिडनीबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण लिअर परत काढते.

चकोर

पाचोळा, ज्याने यातलं काहीच वाचलेलं नाही त्याने कुठून सुरुवात करावी?

पाचोळा

'एक्लॉग्ज'मधली पहिली आणि दहावी. दोन्ही शंभर ओळींच्या आतल्या आहेत, एका बैठकीत होतात. मग पॉलिबियसच्या चौथ्या भागातली २० आणि २१ ही दोन प्रकरणं. सान्नाझारो नंतर, त्यातली गद्य वर्णनं लांबतात, धीर धरावा लागतो. सिडनी सुट्टी लागल्यावर. बेर्गान्झा कुत्र्याची कथा मात्र केव्हाही वाचा, आजसुद्धा.

नवव्या कवितेवर, वाटेत भेटलेल्या आणि जुनी गाणी आठवू न शकणाऱ्या मोएरिसवर, वेगळा धागा काढतो. तीही जमीन गेल्याचीच कविता आहे.